मैल आणि ‘मिला’ : जुन्या पोलिश अंतरमापांच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी तौलनिक साहित्याच्या एका वर्गात एकोणिसाव्या शतकातील एका पोलिश ऐतिहासिक कादंबरीतील उतारा मी शिकवीत होतो. उताऱ्याचे मराठी रूपांतर माझेच होते आणि ते अर्थातच इंग्रजी भाषांतरावरून केलेले होते. एक स्वार शत्रूच्या हालचालीची बातमी घेऊन संध्याकाळी निघतो, रात्रभर घोडा दौडवितो आणि पहाटे दहा मैलांवरील छावणीत पोहोचतो. तेथे घोडा फेस गाळीत कोसळतो आणि प्राण सोडतो. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबातून आलेला एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, “सर, दहा मैल म्हणजे आमच्या गावापासून बाजाराचं गाव. आमचे आजोबा तेवढं पायी जाऊन दिवे लागायच्या आत परत यायचे. मग घोडा मेला कशाने?” वर्ग हसला. मीही हसलो, परंतु उत्तर माझ्यापाशी नव्हते.

उत्तर पुढे मूळ पोलिश पाठात सापडले. तेथील शब्द ‘मिला’ असा आहे. इंग्रजी भाषांतरकाराने त्याचा ‘माईल’ केला आणि मी त्याचा ‘मैल’ केला. आता जुना पोलिश ‘मिला’ हा सात किलोमीटरांहून अधिक लांबीचा. म्हणजे तो स्वार सोळा किलोमीटर नव्हे, तर सत्तर किलोमीटरांहून अधिक अंतर, बहुधा दलदलीच्या आणि रानाच्या वाटेने, एका रात्रीत कापून आला होता. घोडा मूळ कादंबरीत कष्टाने मेला होता. माझ्या मराठीत मात्र तो विनाकारण मेला. शब्दाचा उच्चार जवळजवळ तोच, लिपीत उतरविण्यास काहीच अडचण नाही, आणि तरीही अर्थ चौपटीहून अधिक आक्रसलेला! भाषांतरातील काही चुका अज्ञानामुळे दिसून येतात. ही चूक इतकी सभ्य होती की ती दिसलीच नाही.

या प्रसंगामुळे जुन्या पोलिश अंतरमापांकडे माझे लक्ष वेधले गेले. हा विषय अर्थशास्त्रीय इतिहासकारांचा आहे, साहित्याच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. माप हा आधी भाषेतला शब्द असतो आणि मग आकडा होतो. आणि जो शब्द आहे त्याची जबाबदारी भाषेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

प्रथम या मापांचे स्वरूप पाहू. पोलिश लोकांचे मध्यवर्ती माप ‘वोक्येच’, म्हणजे कोपर. आपला ‘हात’ जसा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा, तसेच हे माप मुळात देहाचे. त्याच्या खाली ‘स्तोपा’ म्हणजे पाऊल, ‘प्येंज’ म्हणजे वीत, ‘दवोन्य’ म्हणजे तळहात आणि ‘पालेत्स’ म्हणजे बोट. त्याच्या वर ‘सोंझेन’. हा शब्द ‘पोहोचणे, हात पुरणे’ या अर्थाच्या स्लाव्ह धातूपासून आलेला असून दोन्ही बाहू पसरले असता एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचे अंतर तो दाखवितो. मराठीत विहिरीचे पाणी आणि दोराची लांबी मोजणारी माणसे ज्याला ‘वाव’ म्हणत आली, तोच हा. तीन वोक्येच म्हणजे एक सोंझेन. आपण मनुष्यदेहाला साडेतीन हातांचा म्हणतो. तिकडचा कोपर लांब, म्हणून तेथे माणूस तीन कोपरांत मावला, एवढाच फरक.

इ. स. १७६४ मध्ये पोलंडच्या राज्याने मापांचे एकीकरण केले, तेव्हा वोक्येच सुमारे ५९.६ सेंटिमीटरांचा ठरला. त्याचे दोन पाय, चोवीस बोटे, आणि प्रत्येक बोटाचे आठ दाणे. हा हिशेब वाचताना भारतीय वाचकाला थबकावे लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवमध्यांचे एक अंगुल, बारा अंगुलांची एक वितस्ति आणि चोवीस अंगुलांची एक अरत्नि सांगितली आहे. दाणा, बोट आणि कोपर यांची हीच उतरंड, आठ आणि चोवीस हे आकडेही तेच. यावरून कोणी कोणाकडून काही घेतले असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. चोवीस बोटांचा हात ग्रीकांपाशीही होता. देह सर्वत्र सारखा आणि निम्मे-चौथाई करण्याची सोय सर्वत्र सारखी, म्हणून हे साम्य. मात्र शब्दांचे नाते याहून जवळचे असण्याचा संभव आहे. ‘अरत्नि’ आणि ‘वोक्येच’ या दोहोंचा संबंध कोपर या अर्थाच्या एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मुळाशी अनेक व्युत्पत्तिकार जोडतात. तसे असेल तर आपण ज्याला परके माप म्हणून किलोमीटरांत किंवा सेंटिमीटरांत बदलू पाहतो, ते फार जुन्या घरातले भावंड आहे.

देहाच्या पलीकडे गेले की शेत सुरू होते. शेताचे माप ‘प्रेंत’, म्हणजे काठी, साडेसात वोक्येच लांबीची. दहा काठ्यांचा एक ‘श्नूर’, म्हणजे दोर. हेल्म्नो या गावी नगरभवनाच्या भिंतीवर सुमारे ४.३५ मीटर लांबीची एक लोखंडी काठी आजही बसविलेली आहे. इ. स. १२३३ मध्ये ट्यूटॉनिक संप्रदायाने ज्या सनदेने हे नगर वसविले, त्या सनदेच्या नावाने ओळखली जाणारी मापे पुढे पोलंडच्या मोठ्या भागात जमीनमोजणीसाठी रूढ झाली. काठी भिंतीवर लावण्याचा हेतू उघड आहे: ज्याला शंका असेल त्याने येऊन आपली काठी ताडून पाहावी. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या जमीनमोजणीसंबंधी पाच हात पाच मुठींच्या काठीचा उल्लेख येतो, तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. राज्य स्थिर करू पाहणारा प्रत्येक शासनकर्ता आधी काठीची लांबी ठरवितो.

याच शेतातून ‘स्ताये’ हे माप निघाले. थांबणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते आहे. नांगराचे जनावर जेथे थांबे, किंवा घोडा जेवढे अंतर न थांबता धावे, ते स्ताये. साहजिकच प्रांताप्रांतांत आणि शतकाशतकांत ते शंभराहून थोड्या अधिक मीटरांपासून किलोमीटराच्याही पलीकडे बदलत राहिले. पोलिश कादंबरीत शत्रूचे घोडेस्वार ‘काही स्ताये’ दूर दिसतात, तेव्हा लेखक आकडा सांगत नसतो. एका दमात गाठता येईल अशा अंतरावर संकट आले आहे, हे तो सांगत असतो. आपला ‘कोस’ही मुळात ‘क्रोश’, म्हणजे हाक. हाक ऐकू जाईल तेथवरचे ते अंतर. दर बारा कोसांवर भाषा बदलते ही आपली म्हण किलोमीटरांत सांगून पाहावी, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल.

ही मापे अडाणी समाजाची होती आणि शास्त्राच्या उदयाबरोबर ती लोपली, असा जो समज आहे तो पोलंडच्या बाबतीत तरी टिकत नाही. इ. स. १५६६ मध्ये क्राकुफ येथे स्तानिस्वाव ग्शेप्स्की या विद्वानाने भूमापनशास्त्रावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्येची भाषा लॅटिन असण्याच्या त्या काळात हा भूमितीचा ग्रंथ पोलिश भाषेत लिहिला गेला. त्या भाषेतील हा पहिला. ज्यांना काठी आणि दोर घेऊन शेतात उभे राहावयाचे होते, त्यांच्यासाठी तो होता. शास्त्र देशी भाषेत आणावयाचे तर शेतातल्या शब्दांवाचून गत्यंतर नाही, हे त्याने ओळखले. ज्यांना आजही भारतीय भाषांत विज्ञान लिहिता येत नाही असे वाटते, त्यांनी या घटनेचा विचार करावा.

दुसरी घटना याहून विलक्षण आहे. पोलंडच्या राजदरबाराशी संबंधित असलेला तितो लिव्हियो बुरात्तिनी हा इटालियन विद्वान. इ. स. १६७५ मध्ये विल्नो, म्हणजे आजचे विल्नियस, येथे त्याने एक ग्रंथ छापला आणि एका सेकंदाला एक हेलकावा घेणाऱ्या लंबकाची लांबी हे सर्व जगाचे माप असावे, असे सुचविले. लंबकाच्या आधाराची कल्पना त्याच्या आधी इतरांनीही मांडली होती. परंतु या मापाला त्याने नाव दिले ते ‘मेत्रो’, सार्वत्रिक मेत्रो. ही लांबी आजच्या मीटरपेक्षा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटराने कमी भरते. फ्रान्सच्या राज्यक्रांतीपूर्वी शंभराहून अधिक वर्षे ‘मीटर’ हा शब्द पोलिश-लिथुआनियन राज्याच्या भूमीवर मापाचे नाव म्हणून छापला गेला होता. ज्या देशाच्या मापांना आपण जुनाट म्हणतो, त्याच देशात आपल्या आधुनिक मापाचे बारसे झाले!

आता या मापांच्या राजकीय चरित्राकडे वळू. इ. स. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन हप्त्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतले. राज्य नकाशावरून नाहीसे झाले. पुढे रशियाच्या छत्राखाली जे पोलिश राज्य नावापुरते उभे राहिले, त्याने इ. स. १८१९ पासून मापांची नवी रचना अमलात आणली. तिच्यातील चातुर्य पाहण्यासारखे आहे. नावे सगळी जुनी ठेवली, परंतु सर्वांत लहान माप, म्हणजे रेघ, बरोबर दोन मिलिमीटरांची केली. बारा रेघांचा एक इंच चोवीस मिलिमीटरांचा, बारा इंचांचे पाऊल २८८ मिलिमीटरांचे आणि दोन पावलांचा वोक्येच ५७६ मिलिमीटरांचा. जुन्या पोशाखाखाली नवे मेट्रिक अंग! परंतु त्याच रचनेत ‘मिला’ मात्र सुमारे ८,५३४ मीटरांचा ठरला, आणि हा आकडा आठ रशियन व्हर्स्टांच्या बरोबर येतो. कापडाच्या दुकानातले माप पॅरिसकडे पाहत होते आणि सरकारी रस्त्यावरचे माप पीटर्सबर्गकडे. त्या राज्याची सारी अवघड अवस्था या एका कोष्टकात वाचावयास मिळते. इ. स. १८४९ मध्ये तेही संपले. पोलिश मापे काढून रशियन मापे लादण्यात आली आणि रस्त्यांवर व्हर्स्ट आला. प्रशियाच्या वाट्याच्या भागात मैल साडेसात किलोमीटरांचा होता, ऑस्ट्रियाच्या भागात त्याहून किंचित मोठा. हे दोन्ही भाग अनुक्रमे १८७२ आणि १८७६ मध्ये मेट्रिक झाले. एकाच भाषेत बोलणारी माणसे तीन राज्यांत राहत होती आणि घरापासून चर्चपर्यंतचे अंतर तीन रीतींनी लिहीत होती.

अशा काळात हेन्रिक शेंकेविच याने १८८४ ते १८८८ या वर्षांत आपली ऐतिहासिक कादंबरीत्रयी प्रसिद्ध केली. वॉर्सामध्ये झारची सत्ता होती आणि रस्त्यांवरचे खांब व्हर्स्ट दाखवीत होते. कादंबरीतील स्वार मात्र ‘मिला’ आणि ‘स्ताये’ ओलांडीत होते, आणि वेळ मोजावयाचा तर एक-दोन प्रार्थना म्हणण्याइतका वेळ असे म्हणत होते. सतराव्या शतकाची कथा म्हणून ही मापे तेथे असणे स्वाभाविकच. परंतु १८८४ च्या पोलिश वाचकाला त्या शब्दांत केवळ जुना काळ ऐकू येत नसला पाहिजे. जो देश नकाशावर नव्हता, त्याचे रस्ते अजून कोणाच्या तरी भाषेत मोजले जात होते. म्हणून तेथील ‘मिला’चा मी ‘मैल’ करतो, तेव्हा अंतर चुकते ही झाली लहान चूक; ज्या शब्दात एका समाजाने आपली भूमी राखून ठेवली होती, तो शब्द मी ब्रिटिश मोजपट्टीच्या स्वाधीन करतो, ही मोठी.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जुनी मापे मानवी, जिव्हाळ्याची आणि नवे माप निर्जीव, असा हळवा पक्ष घेणे सोपे आहे. वितोल्द कूला या पोलिश इतिहासकाराने ‘मापे आणि माणसे’ या अर्थाच्या शीर्षकाचा आपला थोर ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध केला. १९८६ मध्ये तो इंग्रजीत आला. मापांचा शोध पहिला खुनी केन याने लावला आणि त्याबरोबर जगातील निष्पाप भाव संपला, ही जोसेफसने नोंदविलेली जुनी ज्यू परंपरा कूला आरंभीच सांगतो. माप हे सत्तेचे साधन आहे. ज्याच्या हाती मापटे, त्याच्या हाती दुसऱ्याचे धान्य. जहागीरदाराचे मापटे खंडणी घेताना मोठे आणि देताना लहान कसे होत असे, याच्या पुराव्यांनी तो ग्रंथ भरलेला आहे. वोक्येचलाही जातिभेद शिवला होता. कापडाच्या व्यापाऱ्याचे ते चिन्ह. आणि पोलिश उमरावाने असा शहरी व्यापार पत्करला तर त्याचे उमरावपण जाई. हा निर्बंध १७७५ मध्ये उठला. म्हणूनच स्वतंत्र पोलंडने ८ फेब्रुवारी १९१९ च्या हुकुमाने मेट्रिक पद्धती देशभर लागू केली, ती केवळ शास्त्राची सोय नव्हती. तीन तुकडे एका मापाने जोडण्याचे ते कृत्य होते. आपल्याकडे १९५६ चा कायदा झाला, तेव्हा प्रांतोप्रांतीच्या शेरांच्या आणि गजांच्या अराजकातून सामान्य ग्राहक सुटला, हेही विसरता येत नाही. दुकानात आणि सातबाऱ्यावर मीटरच हवा. माझा प्रश्न दुकानाचा नाही, पुस्तकाचा आहे.

पुस्तकात काय करावे? आजवर दोन मार्ग चोखाळले गेले आहेत. पहिला, सर्व मापे किलोमीटरांत बदलण्याचा. यात आकडा बरोबर येतो, परंतु सतराव्या शतकातील स्वार ‘एकाहत्तर किलोमीटर’ दौडतो आणि कादंबरीला रेल्वेच्या वेळापत्रकाची कळा येते. दुसरा मार्ग, देशी प्रतिशब्दाचा: ‘मिला’ऐवजी ‘कोस’. हा मार्ग कानाला गोड आहे, परंतु फसवा आहे. कोस साधारण दोन मैलांचा. मिला त्याच्या दुपटीहून मोठा. शिवाय कोस म्हटले की वाचकाच्या मनात बाभळी, पाणंद आणि चावडी उभी राहते. पोलंडचे बर्च आणि बर्फ नाहीसे होतात.

माझ्या मते नियम एकच असू नये. मापाच्या जातीप्रमाणे तो ठरावा. जी मापे देहाची आहेत, ती आपल्या देहाच्या शब्दांनीच द्यावीत. ‘प्येंज’ला ‘वीत’ आणि ‘सोंझेन’ला ‘वाव’ म्हणण्यात काहीही हरवत नाही; उलट शतकभर अडगळीत पडलेला ‘वाव’ पुन्हा भाषेत येतो. वीतभर जमीनही सोडणार नाही, ही प्रतिज्ञा पोलिशमध्ये आणि मराठीत अगदी एकाच शब्दाने करता येते, हे आपले भाग्यच मानावयास हवे. जी मापे राज्याची आणि रस्त्याची आहेत, ती मात्र मूळ नावानेच ठेवावीत: ‘मिला’, ‘व्हर्स्ट’. पहिल्या उल्लेखाच्या वेळी वाक्याच्या ओघात एखादा संकेत द्यावा, जसे ‘दोन तासांची वाट असलेला एक मिला’, आणि पुढे वाचकावर विश्वास ठेवावा. ‘स्ताये’सारखी मापे, ज्यांना स्वतःलाच निश्चित लांबी नाही, त्यांचे वर्णन करावे, ‘घोड्याच्या एका दमाइतके दूर’ असे म्हणावे, आकडा देऊ नये.

वाचक अडखळेल, असा आक्षेप प्रकाशक घेतात. हा आक्षेप मला मान्य नाही. ज्या वाचकाने ‘योजन’ किती लांब हे कधी विचारले नाही आणि तरीही हनुमंताचे उड्डाण ज्याला कळले, ज्याच्या आजोबांनी फर्लांग हा शब्द विनातक्रार पचविला, त्याला ‘मिला’ जड जाईल हे मानणे म्हणजे वाचकाचा अवमान आहे. वाचक अडखळला तर त्या क्षणी तो परक्या भूमीवर आहे याची त्याला जाणीव होते. भाषांतराचे तेही एक काम आहे.

खरा अडसर वाचकात नाही, आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत आहे. आपण पोलिश, चेक, हंगेरियन साहित्य इंग्रजीच्या चाळणीतून घेतो आणि त्या चाळणीची भोके केवढी आहेत, हे कधी तपासीत नाही. ‘माईल’ या एका शब्दात सात किलोमीटर कसे गळून पडतात हे मूळ पाठ उघडल्यावाचून कळत नाही. तौलनिक साहित्याच्या विभागांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. एक, ज्या भाषेतून भाषांतर करावयाचे ती भाषा वाचता येणारा एक तरी माणूस प्रत्येक प्रकल्पात असावा. दुसरी, भारतीय भाषांतील अंतर, जमीन, धान्य आणि वेळ यांच्या मापांचा एक तौलनिक कोश सिद्ध करावा. त्यात आपल्या बखरींतील काठी, तमिळ, बंगाली, पंजाबी मापे आणि त्यांच्या शेजारी युरोपीय मापे असावीत. हे काम कोणा एका भाषेच्या विभागाला एकट्याने जमणारे नाही. ज्या विद्यापीठात सर्व भारतीय भाषा एका छपराखाली नांदतात, तेथेच ते होऊ शकेल.

पोलंड मराठीपासून फार दूर आहे, असे कोणी म्हणेल. इ. स. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत भूमीत हद्दपार झालेली, इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचलेली ती कुटुंबे होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती. आपले गाव किती दूर आहे, असे त्या मुलांनी आयांना विचारले असेल, तर त्याचे उत्तर कोणत्या मापाने दिले गेले असेल? किलोमीटरांत ते सांगता आले असते. परंतु ते अंतर किलोमीटरांचे नव्हते.

वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला उत्तर दिले आणि चुकीची कबुलीही दिली. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे घोडा खरंच दमला होता.” भाषांतरकाराकडून वाचकाची याहून अधिक अपेक्षा नसते: दमलेला घोडा त्याला दमलेलाच दिसावा.